जेल, वॅक्स, क्ले की पावडर? केस विरळ होत असतील तर डोक्याला काय लावायचं

सरळ मुद्द्यावर येतो. ज्याच्या कपाळावरची रेघ मागे सरकायला लागलीये आणि जो आता दुकानात उभा राहून जेलची ट्यूब उचलू की ठेवू या विचारात आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. जेलने टक्कल पडत नाही. वॅक्सने पण नाही, स्प्रेने पण नाही. पण म्हणून काहीही आणा आणि थापा असंही नाहीये, कारण टक्कल पडणं वेगळं, केस मधनं तुटणं वेगळं आणि डोक्याची कातडी बिघडणं वेगळं, आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टी प्रॉडक्टमुळे आरामात होतात. सगळे जण प्रॉडक्ट घेताना बघतात की केस किती धरतं. माझ्या मते बघायचं ते हे की रात्री किती सहज निघतं.

आधी टकलाचं बोलू. डोक्यावर दिसतो तो केस मेलेलाच असतो, जिवंत असतं ते मूळ, आणि ते कातडीच्या खाली तीन-चार मिलिमीटरवर असतं. जेल बसतं वर. पुरुषांचं नेहमीचं टक्कल येतं ते डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे, जे टेस्टोस्टेरॉनपासून बनतं, आणि ज्यांच्या घराण्यात ते आहे त्यांची मुळं या डीएचटीला चिडतात, दरवेळी आधीपेक्षा बारीक केस काढतात आणि शेवटी नुसती लव उरते. हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्येच हे दाखवलं होतं. ज्यांचे अंडकोष वयात यायच्या आधीच काढले गेले त्यांना टक्कल पडत नव्हतं, पण त्यांनाच टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घरात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. आणि ते 'मामाकडे बघ' म्हणतात ते अर्धंच खरं, बापाकडून पण येतं. एवढं सगळं नको असेल तर एक साधी गोष्ट बघा, जेल आपण कानामागे, मानेकडे पण फासतोच की, मग तिथले केस शाबूत आणि कानशिलं आणि भोवराच कसा रिकामा? मागच्या मुळांना डीएचटीचा फारसा त्रास होत नाही म्हणून, आणि म्हणूनच ट्रान्सप्लांटवाले तिथूनच केस उचलतात.

मग जेलनेच टक्कल पडतं याची लोकांना एवढी खात्री का असते? कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय. पोरगं कॉलेजला गेलं की जेल लावायला लागतं, आणि ज्यांचं घराणं टकलाचं त्यांचे केस जायला लागतात ते पण त्याच वयात. दुसरं म्हणजे ओलं जेल केसांच्या जुड्या करतं, दोन जुड्यांच्या मधे डोकं दिसतं आणि कालपर्यंत झाकलेलं आज आरशात उघडं पडतं. आणि तिसरं, दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात, पण जेल लावलं असेल तर ते दिवसभर डोक्यातच चिकटून राहतात आणि रात्री अंघोळ करताना एकदम बाथरूमच्या जाळीत दिसतात, मग घरात आरडाओरडा.

म्हणून प्रॉडक्ट बदलायच्या आधी गळलेला केस उचला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून ट्यूबलाइटखाली नीट बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून गळलेला केस. ठिपका नाही, लांबी बाकीच्या केसांपेक्षा कमी आणि टोक फाटलेलं असेल तर तो तुटलेला, आणि तुटण्याला मात्र तुमचं प्रॉडक्ट, ड्रायर, कंगवा यांनाच जबाबदार धरायचं. ठिपकेवाले केस सगळ्या डोक्यावरून अचानक जायला लागलेत? मग दोन-तीन महिने मागे जा. डेंग्यू झालेला का, टायफॉइड, कोविड, ऑपरेशन, की वजन उतरवायला जेवणच बंद केलेलं? ताप येऊन गेला की केस लगेच नाही जात, दोन-तीन महिन्यांनी जातात, तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि मधल्या काळात आणलेली नवीन डबी समोर दिसत असते. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे गळणं बहुतेक वेळा आपसूक भरून येतं. आणि नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला असेल तर ती चाई, ती वेगळीच भानगड, तिथे ना जेलचा दोष ना डीएचटीचा, सरळ डॉक्टरकडे.

संशय कसा भलतीकडे जातो ते आपण बुलढाण्यात पाहिलंच. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले, बायका-पोरं सगळ्यांचेच, आणि पहिल्याच दिवसांत बोटं गेली शाम्पूकडे आणि पाण्याकडे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची टीम आली, नमुने गेले, आणि पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सांगितलं की लोकांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम नावाचं खनिज प्रचंड वाढलेलं आहे आणि संशय रेशनच्या गव्हावर आहे. म्हणजे डोक्याला लावायच्या बाटलीपाशी शोधत बसलो आणि कारण ताटात असावं असं निघालं.

आता प्रॉडक्ट. जेल म्हणजे पाणी, त्यात पीव्हीपी किंवा कार्बोमरसारखं पॉलिमर, आणि बऱ्याच वेळा अल्कोहोल. वाळलं की केसावर कडक पापुद्रा बसतो. चांगली गोष्ट ही की साध्या शाम्पूने एका धुण्यात निघतं, कधीकधी नुसत्या पाण्यानेही. वाईट म्हणजे दुपारी कोणीतरी कडक झालेल्या केसांत कंगवा घालतो आणि कटकट केस तुटतात, आणि पापुद्रा सुटून खांद्यावर पांढरं पडतं त्याला माणूस कोंडा समजून आणखी कडक शाम्पू लावतो. ज्याचे केस दाट आहेत त्याने बिनधास्त लावावं. विरळ केसवाल्याला मी जेल घेऊ नको म्हणतो, पण ते केस जातील म्हणून नाही, आहेत तेही कमी दिसतात म्हणून.

वॅक्स आणि पोमेडमधे दोन जाती आहेत आणि डबीवर ते धड लिहिलेलंही नसतं. एक तेलातली, म्हणजे मेण, पेट्रोलियम जेली, लॅनोलिन. दुसरी पाण्यात विरघळणारी. ओळखायला सोपं आहे, बोटावर चिमूटभर घ्या आणि नळाखाली धरा. दुधासारखं होऊन वाहून गेलं तर पाण्यातलं. पाण्याचे थेंब वरच्या वर मोत्यासारखे घरंगळले आणि बोट तसंच चिकट राहिलं तर तेलातलं, आणि हेच रोज रात्री तुमच्या डोक्यावर होणारे. तेलातलं वॅक्स एका शाम्पूत निघत नाही, माणूस कंटाळून तसाच झोपतो, दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच दुसरा थर. मग कपाळावर, केसांच्या कडेला पुळ्या येतात, मुळाशी फोड येतात, आणि ज्याला तेलकट कोंडा आहे त्याचं तर विचारूच नका, कारण कोंड्यामागे जी मालासेझिया नावाची बुरशी असते ती डोक्यावरच्या तेलावरच जगते. कोंडा वाढला की खाज, खाजवलं की कातडी सुजते, आणि सुजलेल्या कातडीतून केस जरा जास्तच गळतात. ही गळती खरी आहे, प्रॉडक्टने वाढवलेली आहे, पण कातडी निवळली की थांबते. त्यामुळे जेल आणि वॅक्समधे निवडायचं असेल आणि कोंडा असेल तर जेल. कोंडा नसेल तर पाण्यातलं पोमेड. तेलातलं वॅक्स मला कोणालाच रोजसाठी सुचवावंसं वाटत नाही, लग्नाबिग्नाला ठीक आहे.

विरळ केसांसाठी माझी पसंती क्लेला. केओलिन किंवा बेंटोनाइट माती असते त्यात, चकाकी येत नाही, केस एकमेकांपासून सुटे राहतात आणि जाड दिसतात. फक्त बोटांवर नीट चोळून, कोमट करून मग लावा, थंड ढेकूळ तसंच डोक्यात घालून ओढलं तर केस उपटले जातात. आणि खूप कोरड्या केसांना क्ले आणखी कोरडं करते, नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात तर केसांचं पार गवत होतं राव. घ्यायची तर मटाराएवढी पुरते.

पावडरचं सध्या रील्सवर फार चाललंय. मुळाशी शिंपडायची, सिलिकाचं बारीक पीठ असतं, केसाला केस अडकतो आणि फुगवटा येतो. दिसायला एक नंबर. पण थेट कातडीवर पडते, तेल शोषते, संध्याकाळपर्यंत डोकं खाजतं आणि केस इतके खरखरीत होतात की बोटं फिरवली तरी गुंता. पार्टीपुरती ठेवा. शिंपडताना श्वास रोखा, आणि त्या रात्री डोकं न धुता झोपू नका. स्प्रेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, अल्कोहोल असतं, लांबून मारा, मारल्यावर ब्रश फिरवू नका, बस.

केसांचे फायबर म्हणजे ते केराटिनचे बारीक तंतू, हे तर निरुपद्रवी, असलेल्या केसांना चिकटतात आणि भोवरा झाकतात. केस वाढवत पण नाहीत, पाडत पण नाहीत. फक्त मुंबईच्या घामात आणि जुलैच्या पावसात कपाळावर काळे ओघळ आले तर मला बोलू नका.

आणि आपलं खोबरेल? आजी म्हणायची तेल लाव, केस येतील. नवीन केस येत नाहीत, पण आजी पूर्ण चुकीची पण नाही. २००३ मध्ये मुंबईच्याच मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली होती, त्यात केसांतलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलने कमी झालं. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे ध्यानात ठेवून वाचायचं, पण तुटण्यापुरतं बोलाल तर धुवायच्या तासभर आधी लावलेलं खोबरेल चांगलंच. कोंडेवाल्यांनी मात्र रात्रभर डोकं चोपडून ठेवू नये, वर तेच बुरशीचं कारण.

खरी भीती बाळगायची तर ती डबी-ट्यूबची नाही, सलूनमधल्या खुर्चीची. स्मूदनिंग आणि केराटिनच्या नावाखाली जे लावतात त्यात कधी फॉर्मल्डिहाइड, कधी ग्लायऑक्सिलिक अॅसिड असतं, वर गरम इस्त्री फिरवतात. डोळे चुरचुरतात, केस तुटतात, आणि ग्लायऑक्सिलिक अॅसिडवाल्या ट्रीटमेंटनंतर किडनीला त्रास झालेले पेशंट इस्रायलच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. ब्लीच करून हायलाइट करणाऱ्यांचं तुटणं तर पक्कंच. काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ज्याला अॅलर्जी असते त्याचं डोकं, कान, पापण्या सुजतात, म्हणून कानामागे ठिपका लावून दोन दिवस बघणं हा पॅकेटवरचा सल्ला कोणी वाचत नसलं तरी वाचावा.

आणि घट्ट अंबाडा. मॅन बन रोज एकाच जागी करकचून बांधला की कडेची मुळं ओढली जातात, सुरुवातीला बांधणं सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर ती जागा कायमची गेली. क्लिपवाल्या हेअर पॅचचं तेच, ज्या केसांना क्लिप लावता तेच बिचारे जातात, म्हणजे टक्कल झाकायला गेलो आणि आगीतून फुफाट्यात. हेल्मेटने मात्र टक्कल पडत नाही हो पुणेकर, दुसरं कारण शोधा.

आता जो मिनॉक्सिडिल, म्हणजे केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध, लावतोय किंवा लावणार आहे त्याच्यासाठी, कारण हा प्रश्न हमखास येतो, की वरून स्टायलिंग चालतं का? चालतं, पण क्रम पाळा. आधी कोरड्या डोक्यावर मिनॉक्सिडिल, ते पूर्ण वाळू द्या, मगच क्ले किंवा पोमेड, आणि चार तास तरी डोकं धुऊ नका. उलटं केलंत तर औषध वॅक्सच्या थरावरच बसतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, जुने केस नवीन केसांना जागा देतात म्हणून, त्याचं खापर जेलवर फोडू नका आणि औषध पण सोडू नका. डोकं खाजत असेल तर ते पण दरवेळी जेलमुळे नसतं, पातळ मिनॉक्सिडिलमधे प्रोपिलीन ग्लायकॉल असतं आणि काहींना तेच सोसत नाही, अशांना डॉक्टर फोम देतात. तरी खाज, लाली, खपल्या येत असतील तर दोन-तीन आठवडे सगळंच स्टायलिंग बंद करा आणि मग एकेक करून परत सुरू करा, कोण त्रास देतंय ते लगेच कळतं, बऱ्याच वेळा तो सुगंध किंवा प्रिझर्व्हेटिव्ह असतो.

फिनास्टेराइडची गोळी मात्र मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून उचलू नका. ती डीएचटी कमी करते, काम करते, पण काही जणांना लैंगिक तक्रारी होतात, प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो पीएसए पण कमी दिसतो त्यामुळे पुढे प्रोस्टेटच्या तपासणीत डॉक्टरला सांगावं लागतं, आणि घरात बायको गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हातही लावायचा नसतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना त्या दिवशी डोक्याला काहीही लावून जाऊ नका, त्याला मुळं बघायची असतात.