जिब्रेलिक ॲसिड पावडर (१ ग्रॅम): माल खणखणीत, माहिती मात्र शून्य

जिब्रेलिक ॲसिड म्हणजे रोपांची वाढ करणारं, जिब्रेलिन गटातलं हार्मोन. बहुतेक लोक हे द्राक्षाचे मणी फुगवायला घेतात, मी घेतलं ते गहू आणि भाताचे बुटके वाण नेमके कशामुळे बुटके राहतात ते स्वतः बघायला. त्या कामाला पावडर एकदम खरी उतरली.

आधी वापरायचं कसं ते सांगते कारण डबीवर काहीच लिहिलेलं नाहीये. थेट पाण्यात टाकलीत तर नीट विरघळत नाही, माझी पहिली बॅच अशीच वाया गेली. आधी थोड्याशा अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घाला. लिटरला १० मिलिग्रॅम पुरतं, पण द्रावण ठेवून ठेवून त्याचा जोर जातो, त्यामुळे लागेल तेवढंच करा.

ट्रे चार केले, उंच गहू, बुटका गहू, उंच भात, बुटका भात, प्रत्येकात अर्ध्या रोपांवर औषध आणि अर्ध्यांवर नुसतं पाणी. उंच गहू सरसर वाढला, बुटका गहू मात्र ढिम्म! फवारलेली रोपं कुठली तेच ओळखू येईना. आणि बुटक्या भाताने तर फवारा मिळताच उंच भाताला गाठलं, मी बघतच राहिले.

म्हणजे दोघांचं दुखणंच वेगळं. आयआर-८ (१९६६) सारख्या बुटक्या भाताच्या वाणात एसडी-१ जीन बिघडलेला असतो, तो जिब्रेलिन बनवणाऱ्या एन्झाइमचा, म्हणून हार्मोनच कमी पडतं आणि बाहेरून दिलं की भागतं. गव्हात जपानच्या नोरिन-१० या वाणातून आलेले, रोप बुटकं ठेवणारे आरएचटी जीन, तिथे हार्मोनची कमी नाहीच, पण वाढ अडवून धरणारं डेला प्रोटीन हार्मोन आलं तरी जागचं हलत नाही. आणि गव्हातलं हे सगळं डीएनएतलं एकच अक्षर बदलल्यामुळे! हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचे भरपूर खत खाऊनही न लोळणारे गहू याच जीनवर उभे राहिले.

एक सांभाळा, बुटका गहू फवाऱ्याने लांबला तर पावडरीला किंवा बियाण्याला दोष देऊ नका. आरएचटी-८ सारखे जीन असलेले गहू हार्मोनला साथ देतात, आणि त्यांचा कोंबही लांब निघतो म्हणून खोल पेरले तरी उगवून येतात. नोरिनवाल्यांचा कोंब आखूड, खोल पेरलं की अडचण. नेमका कुठला आरएचटी आहे ते मात्र या टेस्टने कळत नाही, त्याला डीएनए मार्करच (जीन ओळखायची डीएनए तपासणी) लागतो.

पावडरीला ५ पैकी ५, पॅकिंगला २. शुद्धता किती टक्के ते तरी डबीवर छापा राव, त्याशिवाय डोस काढायचा कसा?