क्रिस्टल रिपोर्ट्सचा रनटाइम: शाखांतील संगणकांवर काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इंदूरमधील आमच्या मराठी पतसंस्थेत ठेवपावत्या, कर्जखात्यांचे उतारे आणि दिवसअखेरचा ताळेबंद हे सारे क्रिस्टल रिपोर्ट्स या अहवाल रचण्याच्या आणि छापण्याच्या सॉफ्टवेअरमधून छापले जाते. अहवालांची रचना एकाच संगणकावर होत असली, तरी ते उघडण्यासाठी लागणारा रनटाइम मुख्य कार्यालयात, रामबागेत आणि सुदामानगरला प्रत्येक संगणकावर बसवावा लागतो. हे काम पावसाळ्याआधीपासून माझ्याकडे आहे.

रनटाइम विनामूल्य मिळतो, एमएसआय (विंडोजवर सॉफ्टवेअर बसवण्याची) फाइल असल्याने एकही प्रश्न न विचारता आदेशाने बसवता येतो आणि एकदा नीट बसला की सहसा त्रास देत नाही. खरी मेख आहे ती ३२ आणि ६४ बिटांत. विंडोज ६४ बिटांचे, म्हणून रनटाइमही ६४ बिटांचा, असा सरळ हिशेब बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात पाहायचे असते ते अहवाल उघडणारा प्रोग्रॅम किती बिटांत चालतो हे. आमचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा असल्याने कोऱ्या करकरीत संगणकावरही ३२ बिटांचाच रनटाइम लागतो, आणि ओडीबीसीची, म्हणजे डेटाबेसशी होणारी, जोडणीही त्याच बिटांतली. त्यातही ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांची ओडीबीसी खिडकी 'सिसवॉव६४' फोल्डरमध्ये असते आणि ६४ बिटांची 'सिस्टम३२'मध्ये. ही नावे ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार!

आवृत्तीचेही तसेच. रनटाइमच्या १३.०.२०००.० या क्रमांकाच्या असेंब्लीशी (प्रोग्रॅम वापरतो त्या कोडच्या फाइलशी) बांधलेल्या प्रोग्रॅमला सर्व्हिस पॅक (सुधारित आवृत्ती) २० पर्यंतचा रनटाइम चालतो. २१ पासून तो क्रमांक १३.०.३५००.० झाला. त्यामुळे 'नवे ते चांगले' म्हणून शेवटचा पॅक चढवला, की असेंब्ली सापडत नसल्याची चूक येते. वाईट असे, की ती लगेच दिसत नाही. लॉगिन होते, नोंदी होतात, आणि खिडकीशी ठेवीदार उभा असताना पावतीचे बटण दाबले की लाल फुली समोर येते. म्हणून बसवल्यावर नुसता प्रोग्रॅम उघडून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. एक तरी पावती छापून पाहावीच.

मराठी मजकुराची अडचण मात्र रनटाइमच्या बाहेरची आहे. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट देवनागरीच्या पूरक फॉन्टांत, म्हणजे वेगळ्याने चढवायच्या घटकांत गेला. तो नसलेल्या संगणकावर अहवाल दुसरा फॉन्ट उचलतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि लांब आडनावांचे शेवटचे अक्षर चौकटीत कापले जाते. आता रनटाइमच्या आधीच मी हे फॉन्ट चढवतो.

प्रिंटरचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. अहवालाच्या पृष्ठरचनेत 'नो प्रिंटर' निवडल्यावर रचनाकाराच्या प्रिंटरवरचे अवलंबन कमी झाले आणि ए४ चे उतारे सगळीकडे सारखे येऊ लागले. डॉट मॅट्रिक्सवरच्या अरुंद पावत्यांसाठी मात्र कागदाचे माप अजूनही प्रत्येक संगणकावर हातानेच भरावे लागते.