खोक्यावर २०० वॅट, मीटरवर २ अँपिअर

गाडीचे दिवे बदलायला नागपूरला जाणार असाल, तर दुकानदाराला आधीच सांगा, जुने दिवे मी घरी नेणार. तो कुरकुरला तर दुकान बदला. माझं बल्बच्या पैशांत झालं त्याहून जास्त नुकसान जुन्या दिव्यांत झालं.

मी वरूड तालुक्यातला. पिकअप स्वतःची, चालवतोही स्वतःच. आंबिया बहाराची संत्री निघाली की संध्याकाळी कॅरेट भरायचे आणि उजाडायच्या आत नागपूरच्या कळमना बाजाराला लागायचं, हा हंगामातला धंदा. जलालखेडा, काटोल असा रस्ता. दिवाळीनंतर थंडी पडली की वर्धा नदीच्या पट्ट्यात धुकं बसतं. नेमक्या त्याच दिवसांत कापसाच्या बंड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. रोही, म्हणजे नीलगाय, कधी आडवा येईल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. तेव्हा चांगला उजेड ही काही माझी हौस नव्हती, आणि हे दुकानदारानं गाडीतले रिकामे कॅरेट पाहूनच ओळखलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. गाडी लावली तशी तिथल्या पोरानं दिव्यावर टकटक केली आणि म्हणे, "भाऊ, याचं रिफ्लेक्टर गेलं. नुसता बल्ब टाकून काय फायदा? पूर्ण सेटच टाका ना." समोरचा भाग पिवळा पडला होता हे खरं. पण प्लॅस्टिकचा पिवळेपणा पॉलिशनं बऱ्यापैकी निघतो, हे त्यानं सांगितलं नाही. ते सांगून त्याला काय मिळणार होतं म्हणा.

मग भिंतीचा खेळ झाला. शटर अर्धं ओढलं, आधी माझा जुना दिवा लावला, मग नवा. जुना मिणमिणता पिवळा, नवा एलईडीचा, एकदम पांढराफेक. हा खेळ नीट समजून घ्या, कारण तो सगळीकडं असाच चालतो. जुना दिवा दाखवताना इंजिन बंद होतं, नवा दाखवताना चालू. इंजिन बंद असलं की हॅलोजनला बॅटरीचे बारा व्होल्ट, तेही दिव्यापर्यंत जाता जाता कमी होऊन मिळतात. चालू असलं की साडेतेरा-चौदा. हॅलोजनला एवढ्या फरकानं डोळ्याला दिसेल इतका उजेड कमी-जास्त होतो. एलईडीला फारसा फरक पडत नाही, पण त्याची वेगळी गंमत आहे: थंड असताना तो पूर्ण ताकदीनं पेटतो आणि तापला की हलक्या मालातलं सर्किट स्वतःच उजेड उतरवतं. भिंतीवर तुम्ही पाहता ते पहिलं मिनिट. दुकानदाराला म्हणावं, इंजिन चालू ठेवून अर्धा तास जाळ, मग भिंत दाखव.

एलईडी बल्बांसह पूर्ण सेटचे, फिटिंगसकट, ८,५०० रुपये घेतले. पावती साध्या चिठ्ठीवर, जीएसटी क्रमांक नाही. पैसे मोबाइलवरून गेले ते दुकानाच्या नावावर नाही, कोण्या बाईच्या खात्यात. खोक्यावर "२०० वॅट", वॉरंटी कार्ड आत, त्यावर शिक्का नाही. "आरटीओ पास आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ." जुने दिवे त्यानं केव्हाच आत नेऊन ठेवले होते, "भंगार आहे, तुम्ही कुठं वाहून नेता" म्हणत.

थंडी नव्हती तोवर सगळं ठीक चाललं. आपल्याकडं डिसेंबरात दुपारी अट्ठावीस-तीस अंश आणि पहाटे आठ-दहा, हे नवीन नाही. दिव्याच्या डब्यातली हवा दिवसा तापून फुगते, रात्री आकसते आणि आकसताना बाहेरची ओल आत ओढते. तशी ती प्रत्येक दिव्यात ओढली जाते. कंपनीच्या दिव्याला म्हणूनच ओल बाहेर जायची सोय असते, जोडाला पक्कं सीलंट असतं, आणि आत हॅलोजन असला तर तो घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवतो. ही उधळपट्टी थंडीत कामाची, पुढची काच गरम राहते आणि दव टिकत नाही. एलईडीची उष्णता मागं निघते, पंख्याकडं. पुढची काच थंडच राहते. माझ्या दिव्यांत आतून असं दव साचलं की काटोलच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन मी बाहेरून पुसत बसलो, आणि पुसलं तरी जाईना, कारण पाणी आत होतं.

त्यातून धुकं. एच-४ बल्बमध्ये, म्हणजे गाडीच्या साध्या हॅलोजनमध्ये, डीपरच्या (जवळच्या, खाली पडणाऱ्या उजेडाच्या) तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती उजेडाला खालून अडवते, म्हणून डीपर वर उडत नाही. दिव्यातल्या रिफ्लेक्टरची सगळी मांडणी त्या तारेच्या जागेवर बेतलेली. त्याच डब्यात एलईडीची चिप मिलिमीटरभर इकडंतिकडं बसली की उजेड वर फेकला जातो. धुक्यात वर गेलेला उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. समोर पांढरी भिंत आणि रस्ता गायब. समोरचे ट्रकवाले डीपर मारून शिव्या देत गेले, आणि त्यांचं बरोबर होतं.

आमच्या इकडच्या वायरमन काकांकडं गाडी नेली. ते स्वतः काही विकत नाहीत, म्हणून त्यांच्या बोलण्यावर माझा भरवसा. त्यांनी मागून हात घातला आणि म्हणाले, "अरे, याचं रबर काहून कापलं?" दिव्याच्या मागं काळं रबराचं टोपण असतं, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. एलईडीचा पंखा त्यात मावत नव्हता, तर फिटिंग करणाऱ्यानं ते टोपण ब्लेडनं कापून मोकळं केलेलं. म्हणजे ओल आत यायला दरवाजाच उघडा. वरून मी अधूनमधून जिनिंगला कापूस नेतो, त्याची रुई पंख्याच्या पात्यांत अडकून एका बाजूचा पंखा फिरायचाच थांबला होता. पंखा थांबला की चिप तापते, चिप तापली की उजेड उतरतो. डावा दिवा रात्रभर मंद का पडत होता ते तिथं कळलं.

मग काकांनी मीटर लावला. एका बल्बला २ अँपिअर. साडेतेरा व्होल्टनं गुणा, २७ वॅट. खोक्यावर २००. दोन्ही बल्ब मिळून धरले तरी ५४. काका हसले, म्हणाले, "शून्य जास्त पडलं छापताना." २७ वॅटचा एलईडी वाईट असतो असं नाही, पण पैसे २०० चे घेतले होते. आणि खरंच २०० वॅट ओढले असते तर पंधरा अँपिअरच्या आसपास करंट गेला असता, मूळ वायरिंगला ते झेपलंच नसतं. म्हणजे तो आकडा खरा असता तरी पंचाईतच होती. तुमच्या गावच्या वायरमनला एवढं मोजायला पाच मिनिटं लागतात, बल्ब परत करण्याची सोय आहे तोवर मोजून घ्या.

दिव्याच्या डब्यावर गोलात "ई" हे अक्षर होतं, युरोपातल्या मान्यतेचं असतं तसं. खऱ्या खुणेत "ई"च्या शेजारी देशाचा आकडा असतो (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स) आणि पुढं मान्यतेचा क्रमांक. माझ्या डब्यावर नुसतं "ई", पुढं काही नाही.

दुकानात परत गेलो तेव्हा मालक स्वतः बसला होता. पहिलं वाक्य, "थंडीत सगळ्यांच्याच दिव्यात दव येते भाऊ." दुसरं, "वॉशिंगवाल्यानं पाणी मारलं असेल." तिसरं, वॉरंटी कार्डाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, पाणी गेल्यास वॉरंटी नाही. रबर तुमच्याच पोरानं कापलं, म्हटलं, तर पोरगं सुट्टीवर. मग म्हटलं, राहू द्या, माझे जुने दिवे द्या. ते विकले गेले होते. भंगार म्हणून नव्हे, दिवे म्हणून. कंपनीचा वापरलेला सेट चालू गाडीला लगेच खपतो, हा त्याचा दुसरा धंदा.

शेवटी तो म्हणाला, "तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही होत." इथं कच खाऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळलाय, पण स्वयंरोजगारानं फक्त पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत. एकच गाडी, स्वतः चालवणारा, तो ग्राहकच. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते, म्हणून मला नागपूरच्या खेपा घालाव्या लागल्या नाहीत, अमरावतीत चालतं. ५ लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. आधी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून नोंद केली. त्यानंतर बल्बचे पैसे परत देतो असा दुकानातून निरोप आला, जुन्या दिव्यांबद्दल मात्र चूप.

"आरटीओ पास" हे तर सरळ खोटं. मान्यता नसलेला बदल गाडीत केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंड भरायचा तो गाडीवाल्यानं. विकणारा तेव्हा तिथं उभा नसतो.

आता गाडीत कंपनीचे वापरलेले दिवे आहेत, ६०/५५ वॅटचे साधे हॅलोजन, आणि नवं रबर. माझे जुने दिवे अजून कुण्यातरी गाडीत पेटत असतील. उजव्या दिव्याचा खालचा कान तुटलेला होता आणि मी त्याला तांब्याची तार गुंडाळून नट कसला होता. नागपूर-काटोलकडं कुणी वापरलेला सेट घेतला असेल आणि अशी तार दिसली, तर कुठल्या दुकानातून, कधी आणि कितीला घेतला तेवढं कळवा. दिवे परत मागत नाही, आयोगापुढं पावती लावायची आहे.