‘एकातच दोन्ही’ म्हणून गळ्यात मारलेली गिटार

अकूस्टिक घ्यावी की इलेक्ट्रिक, या पेचात सापडलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच ओळखू येतं. मग ठरलेलं वाक्य येतं : ‘सेमी-अकूस्टिक घ्या ना, एकातच दोन्ही!’ दोन-तीन हजार जास्त मोजून घरी येते ती साधी अकूस्टिकच, फक्त कडेला बटणांची काळी डबी बसवलेली.

खरी सेमी-अकूस्टिक म्हणजे गिब्सनने १९५८ साली आणलेल्या ईएस-३३५च्या जातीची. पातळ अंग, पोटात मधोमध लाकडी ठोकळा, तारांखाली चुंबकाचे पिकअप, म्हणजे तारांच्या थरथरीचा विजेचा संकेत करणारे तुकडे. डबीवाल्या गिटारीत चुंबक नसतोच. सॅडल म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी; तिच्याखालची पिझो पट्टी दाबावरून तारांची थरथर उचलते आणि अ‍ॅम्पमधून अकूस्टिकचाच आवाज मोठा होऊन येतो. त्यावर डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटका आवाज, चढवलं की पोकळ पेटी अ‍ॅम्पच्या आवाजाने पुन्हा घुमते आणि गिटार किंचाळायला लागते. ताराही जाड, अकरा किंवा बाराचा सेट (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). इलेक्ट्रिकवर नऊ किंवा दहाचा असतो. त्यामुळे तार खेचून स्वर चढवताना नवशिक्याची बोटं सोलून निघतात.

डबीवरचा दिवा लागला म्हणजे पिकअप चालतो, असंही नाही. दुकानातच केबल लावून अ‍ॅम्पवर एकेक तार वाजवा. एखादी ठणाणा आणि शेजारची मेलेली वाटली, तर पट्टी सॅडलला नीट टेकलेली नाही.

खरा घाटा दांड्यात होतो. पैसे डबीत गेले की तिथे काटकसर होते. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूपट्ट्यांपैकी बाराव्या) स्टीलच्या मोजपट्टीने तारेची उंची मोजा : जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास. साडेतीन भरली तर ‘सेटिंग करून देतो’ला भुलू नका. तिथे एक मिलिमीटर उतरवायला सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. ते ब्रिजच्या, म्हणजे ज्यात ते बसवलेलं असतं त्या लाकडी पट्टीच्या, वर तेवढं उरलेलंच नसेल तर घासणार काय? शिवाय तळ वाकडा घासला गेला की पिझोवरची एखादी तार हमखास मरते. ट्रस रॉडची, म्हणजे दांड्याचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईची, चावी मागा आणि रॉड फिरतो का ते दुकानदारालाच दाखवायला लावा.

गाण्याला साथ करायची असेल तर बिनडबीची अकूस्टिक घ्या. पुढे गरज पडली तर साऊंडहोलमध्ये अडकवायचा पिकअप वेगळा मिळतो. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे छोटे सुरावटीचे तुकडे, वाजवायचे असतील तर सरळ इलेक्ट्रिक, सोबत दहा वॉटचा अ‍ॅम्प. गिटारीसोबतच्या कॉम्बोत मिळणारा, कमरेच्या पट्ट्याला लावायचा बॅटरीवाला अ‍ॅम्प म्हणजे खेळणं.

बिलावर नुसतं ‘गिटार १ नग’ चालवून घेऊ नका. मॉडेल, पिकअपचा प्रकार आणि वॉरंटी लिहून घ्या. दुकानदार हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करताना तेच बिल लागतं.