ड्युटीवर गाडीचा अपघात झाला, आता मॅक्टमध्ये जायचं की कामगार भरपाई घ्यायची?

मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर किंवा क्लीनर असलेला माणूस अपघातात गेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर घरच्यांपुढे दोन रस्ते असतात, मोटार अपघात न्यायाधिकरण म्हणजे मॅक्ट नाहीतर कामगार भरपाई, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 167 सांगतं की दोन्हीपैकी एकच घ्यायचा. हे लोकांना माहीतच नसतं, दवाखान्यातच कोणीतरी वकीलपत्रावर सही घेऊन जातं आणि रस्ता ठरून जातो. कृपा करून असं करू नका.

आधी चूक कोणाची ते बघा. कलम 166 खाली दुसऱ्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, म्हणजे समोरच्या ट्रकने ठोकलं असेल तर मॅक्ट, पण पहाटे डोळा लागून आपलीच गाडी झाडावर गेली असेल तर तिथे हाती फारसं काही लागत नाही. कामगार भरपाईत चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही, कामावर होता एवढं शाबीत करायचं. माझ्या मावसभावाच्या वेळी पगार रोख, स्लिप नाही, मालक म्हणाला हा आमचा माणूसच नाही, शेवटी डॅशबोर्डात सापडलेली ट्रिपशीट आणि डिझेलच्या पावत्या कामी आल्या.

पैशात फरक मोठा आहे. समजा वय 30, पगार 20,000, घरी बायको, दोन पोरं आणि आई. कामगार भरपाईत पगार कितीही जास्त असो, 2020 पासून 15,000 च धरतात, त्याचा निम्मा म्हणजे 7,500 गुणिले वयाचा फॅक्टर 207.98, झाले 15,59,850. मॅक्टमध्ये 20,000 वर पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 28,000, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च पाव भाग वजा, उरले 21,000, गुणिले 12 महिने गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा 17, म्हणजे 42,84,000, वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे. त्यामुळे दुसऱ्याची चूक स्वच्छ दिसत असेल तर मी तरी मॅक्टच म्हणेन. मुदत मात्र बघा, कायद्यात मॅक्टला 6 महिने आहेत आणि कामगार भरपाईला 2 वर्षं.

मालक हमखास म्हणतो, गाडीला फक्त थर्ड पार्टी आहे, ड्रायव्हर कव्हर नाही. हे चूक आहे, कलम 147 प्रमाणे पगारी ड्रायव्हरची कामगार भरपाई त्या पॉलिसीत येते. 15 लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट विमा असतो तो गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी, त्यावर विसंबू नका. भरपाई महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो दंड मालकाने खिशातून भरायचा असतो, विमा कंपनीने नाही.

पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर मालकाकडची कामगार भरपाई बंद, त्याऐवजी वारसांना पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशोबाने पेन्शन मिळतं.

आणि कामावर जाता येता झालेला अपघात? 2003 साली साखर कारखान्याचा एक वॉचमन पहाटे 3 च्या ड्युटीला निघाला आणि कारखान्यापासून 5 किलोमीटरवर अपघातात गेला, त्याच्या घरच्यांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल जुलै 2025 मध्ये आला. प्रवासाचा आणि नोकरीचा संबंध दिसला तर तोही कामावरचाच अपघात धरला जातो, नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर हे लिहूनच ठेवलंय.