पावर स्टेअरिंगचा आवाज: तेल, किट की नवा पंप?

सकाळी गल्लीतून जुनी गाडी काढताना स्टेअरिंग वळवलं की बॉनेटखालून ‘गुंऽऽ’ असा आवाज येतो. रेस दिली की तो चढतो. सोलापूरच्या होटगी रोडला लागून गाडीनं वेग घेतला की विरून जातो, म्हणून महिनाभर आपण तिकडे लक्ष देत नाही. मग एखाद्या दिवशी नवी पेठेत अडचणीच्या जागी गाडी लावताना आजूबाजूचे लोक वळून बघतात आणि आपण गॅरेज गाठतो. तिथं मिस्त्री दोनदा स्टेअरिंग फिरवतो आणि सांगतो, ‘पंप गेलाय.’

गेला असेलही. माझ्या 2008 सालच्या डिझेल गाडीचा मात्र गेला नव्हता. तरी मी तो बदलून घेतला आणि चौथ्या दिवशी तोच आवाज परत आला. दोष तेलाच्या टाकीत होता. म्हणून पैसे कशावर घालायचे हे ठरवण्याआधी आवाज नेमका कुठला ते ओळखायला हवं, असं मी कळकळीनं सांगतो.

आधी एक खात्री करून घ्या. बॉनेट उघडल्यावर स्टेअरिंग ऑइलची छोटी टाकी दिसते का? इंडिका, क्वालिस, जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ अशा गाड्यांत ती असते, कारण त्यांचं स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालतं आणि तो दाब पंप देतो. टाकीच नसेल तर तुमच्याकडे बहुधा मोटरवर चालणारं इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे आणि इथलं तेल-पंपाचं काहीच तुम्हाला लागू होत नाही.

आता आवाज. थंड इंजिनवर, स्टेअरिंग झटकन वळवल्यावर क्षणभर ‘चींऽऽ’ होऊन थांबत असेल तर आधी बेल्टवर संशय घ्या. इंजिन चालू असताना, हात आणि ओढणी-शर्टाची टोकं लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर बाटलीनं थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर बदलला किंवा बंद झाला तर बेल्ट ढिला आहे किंवा घासून काचेसारखा गुळगुळीत झालाय. हा सगळ्यात स्वस्त इलाज, पण पुढे ढकलू नका. काही गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही असतो. तुळजापूरच्या घाटात बेल्ट तुटला तर स्टेअरिंग जड होईलच, वर इंजिनही तापेल.

खड्ड्यात किंवा जागेवर वळवताना ‘खट्’ वाजत असेल तर पंपाकडे बघूच नका. टायरॉड एंड, बॉल जॉइंट, स्टेअरिंग रॅकचे (चाकं वळवणाऱ्या यंत्रणेचे) बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग हे बघायचं. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून धरल्यावर येणारा ‘स्सऽऽ’ हा तर दोषच नाही. तिथं दाब साधारण 70 ते 100 बारपर्यंत जातो (टायरात हवा असते जेमतेम सव्वादोन बार) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून जादा तेल परत सोडतो. फक्त तसं चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेल फार तापतं.

खरी गफलत होते ती ‘गुंऽऽ’च्या बाबतीत. झिजलेला पंप आणि हवा ओढणारा पंप जवळजवळ सारखेच ओरडतात. फरक टाकीत दिसतो. इंजिन चालू ठेवून टाकीचं झाकण काढा, टॉर्च मारा. तेलावर फेस असेल, ते ताकासारखं गढूळ दिसत असेल, तर तेलात हवा जातेय. तेल कमी झालं असेल तर कारण उघडच आहे, मग गळती शोधायची. पण तेल बरोबर आहे, खाली फरशीवर एक थेंब नाही, आणि तरीही फेस आहे? मग टाकीतून पंपाकडे येणारा जाड पाइप तपासा. या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तो सैल झाला तर तेल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. सोलापूरचा मे महिना 42-43 अंशांपर्यंत जाणारा, त्यात इंजिनची धग; पंधरा वर्षांच्या गाडीत हे रबर लाकडासारखं कडक होतं आणि क्लिप कितीही आवळली तरी धरत नाही. तो पाइप, त्याची ओ-रिंग आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम भागतं. दुसरं कारण टाकीच्या तळातली जाळी. पुष्कळ गाड्यांत ती टाकीतच बसवलेली असते, नुसती काढता येत नाही. ती गाळानं तुंबली की पंपाला तेल पुरत नाही आणि तो रिकामा चावत बसतो. माझ्या गाडीत हेच झालं होतं. नव्या पंपाला जुनीच टाकी जोडली होती.

पंप खरंच झिजला असेल तर तेलात फेस नसतो, पण बोटावर घेऊन उन्हात धरल्यास चकाकणारे बारीक कण दिसू शकतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर आणि मूठ कानाला लावून ऐका, मग तसंच अल्टरनेटर आणि बेल्टच्या आयडलर पुलीवर (बेल्टला आधार देणारं नुसतं फिरतं चाक). कुठं घरघर जास्त ते लगेच कळतं. आयडलरचं बेअरिंग खराब असताना पंप बदललेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत.

तर मग कशावर खर्च करावा? माझ्या मते तेल आणि टाकीपासून सुरुवात करावी, आवाजाचं कारण पक्कं कळलं असलं तरी. नुसतं वरून तेल टाकणं आणि तेल बदलणं यात फार फरक आहे. पुढची चाकं उचलून, खाली घोड्या लावून, इंजिन बंद ठेवून परतीचा (स्टेअरिंगकडून टाकीत तेल आणणारा) पाइप बाटलीत सोडायचा आणि वरून नवं तेल घालत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. स्वच्छ तेल आलं की पाइप जोडायचा, टाकी भरायची आणि पुन्हा पंधरा-वीस वेळा फिरवून हवा काढायची. तेल कुठलं हे झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, होंडाला तिचं स्वतःचंच लागतं. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको. त्यानं स्टेअरिंगची रबरी सील फुगतात आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळं गळायला लागतं.

पंप शाफ्टपाशी गळतोय पण ओरडत नाही, तर किट टाकून घ्या, सील आणि ओ-रिंग बदलल्या की तोच पंप आणखी चालतो. ओरडतोय आणि तेलात धातू आहे, तर किटवर पैसे घालू नका. किटनं गळती थांबते. पंपातली झिजलेली पाती आणि ती ज्या कड्यात फिरतात त्यावरचे ओरखडे तसेच राहतात. त्या वेळी नवा किंवा खात्रीच्या माणसानं रिकंडिशन केलेला पंप घ्यावा. स्क्रॅपमधला पंप मी फक्त वर्षभरात विकायच्या गाडीला घेईन, तोही शाफ्ट हातानं फिरवून, खेळ नाही आणि अडखळत नाही हे बघून, आणि गाडीवर चालवून पाहिल्यावरच पैसे देऊन.

दाबाचा होस (पंपाकडून स्टेअरिंगकडे दाबाचं तेल नेणारा पाइप) गळत असेल तर कंपनीचा महाग पडतो. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक होस दाबून देणारे तुमची जुनी टोकं वापरून नवा करून देतात. तो चालतो, पण होस गरम तेलाचा आणि पुरेशा दाबाचा आहे हे विचारून घ्या. पाण्याचा किंवा डिझेलचा पाइप परतीच्या जागीही लावू देऊ नका. गरम सायलेन्सरवर तेल पडलं तर धूर निघतो, वेळ आली तर पेटही घेतं.

पंप बदलताना मिस्त्रीजवळ उभे राहा. पुली पुष्कळ पंपांवर घट्ट दाबून बसवलेली असते. ती पुलरनं काढायची आणि दाबूनच बसवायची. हातोडीनं ठोकून बसवली तर नव्या पंपाचं बेअरिंग तिथंच दुखावतं. आणि टाकी नवी, नाहीतर निदान जाळी स्पष्ट दिसेपर्यंत धुतलेली, हे आधीच बोलून घ्या. पंढरपूर-अक्कलकोटला निघायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. दोन-तीन दिवस गावातच चालवून तेलाची पातळी पुन्हा बघा, उरलेली हवा निघाली की ती थोडी खाली जाते.