आंजर्ल्याजवळचा होमस्टे, आमच्यासारख्या ग्रुपने बिनधास्त जावं

दापोलीवरून खाली उतरलं की आंजर्ल्याच्या अलीकडे नारळी-पोफळीच्या वाडीत हे घर आहे. रूम साध्या पण स्वच्छ, बाथरूम परसात, नेटवर्क फक्त खळ्याच्या टोकाला. जेवण एक नंबर, गरम तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सोलकढी, आणि मासे न खाणाऱ्यांना कुळथाची पिठी.

पण मी लिहितेय ते रजिस्टरसाठी. आमचा ग्रुप मिक्स, गे, लेस्बियन, बाय (बायसेक्शुअल, एकाहून जास्त जेंडरच्या लोकांकडे ओढ असणारे), ट्रान्स, एक इंटरसेक्स मित्र (जन्मतःच शरीर स्त्री-पुरुषाच्या ठरावीक साच्यात न बसणारा). आधी एका लॉजवर आधारवरचं नाव आणि समोरची व्यक्ती जुळत नाही म्हणून काउंटरवर सगळ्यांदेखत उलटतपासणी झालेली, त्यामुळे मैत्रीण आधीच टेन्शनमध्ये. इथे काकांनी आधार बघितलं, नोंद केली आणि विचारलं, "हाक काय नावाने मारायची?" तिने सांगितलं, त्यांनी तेच नाव बाजूला लिहिलं आणि मग काकूपण त्याच नावाने हाक मारायला लागल्या. एवढंच.

रात्री पडवीत आमचंच भांडण जुंपलं. कॉलेजमधला एक जण चाळिशीतल्या मित्राला म्हणाला की तू स्वतःला बाय काय म्हणतोस, पॅन म्हण (पॅनसेक्शुअल, म्हणजे जेंडर न बघता कोणाकडेही ओढ वाटणारा), बायमध्ये ट्रान्स लोक येतच नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. जेंडर दोनच आहेत असं धरून चालू नका, हे अमेरिकेतल्या बायसेक्शुअल लोकांनी 1990 च्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवलंय, आणि ज्या माणसाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या भीतीत अर्धं आयुष्य काढून, 2018 ला सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा काढल्यावर कुठे घरी तोंड उघडलं त्याच्याकडून तो शब्द काढून घ्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला? पण पॅन म्हणणाऱ्या पोराला नुसती फॅशन आहे म्हणून उडवून लावलं तेही चूकच, त्याला ते जवळचं वाटतं ना, मग झालं.

इंटरसेक्स मित्राचं दुखणं वेगळंच. 2019 च्या कायद्याने ट्रान्सजेंडरच्या व्याख्येतच इंटरसेक्स लोकांना बसवलंय, तो स्वतःला ट्रान्स मानत नाही तरी. म्हणाला, बाय-पॅनवाले निदान आपापसात तरी भांडतात, मला तर कोणी विचारलंच नाही. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने आपली जेंडर ओळख आपणच ठरवायची म्हटलंय, मग आपण आपल्याच माणसांकडे पुरावे का मागतो हेच मला कळत नाही.

एवढा आवाज चाललेला तरी काकूंनी मधेच येऊन चहा ठेवला, कोण काय आहे वगैरे चौकशा शून्य. आमच्या लोकांना असं घर कोकणात पटकन मिळत नाही हो.

पाच स्टार. मासे हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, पावसाळ्यात टॉर्च न्या, परसात जाताना पायऱ्या निसरड्या होतात. काकांना सांगितलंय तिथे दिवा लावा म्हणून.